किरण आमच्या तोंडावर, निदान कुणाच्या पदरात?

दरवर्षी २८ फेब्रुवारी आली की शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्या तसबिरीला हार पडतो, प्राचार्यांचे भाषण होते, मुले थर्माकोलचा ज्वालामुखी पेटवून दाखवतात आणि दुपारपर्यंत सगळे आपापल्या घरी जातात. १९२८ साली याच तारखेला कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील प्रयोगशाळेत रमण आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी नेमके काय पाहिले, हे त्या सभागृहातील किती जणांना सांगता येईल? आणि त्या शोधाचा आमच्या वस्तीतल्या तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडाशी संबंध आहे असे कुणी म्हटले, तर किती जणांचा विश्वास बसेल? संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. चळवळीने तो वेळीच समजून घेतला नाही तर पुढे निवेदने देत फिरण्याखेरीज हाती काही राहणार नाही, म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

आधी विज्ञान समजून घेऊ. एखाद्या वस्तूवर एकाच रंगाचा प्रकाश टाकला तर त्यातला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. परंतु साधारण कोटी किरणकणांत एखादाच असा असतो की जो त्या वस्तूच्या रेणूला धक्का देतो, आपली थोडी ऊर्जा त्याला देतो आणि किंचित बदललेल्या रंगाने परततो. हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. चरबीचा वेगळा, प्रथिनाचा वेगळा, पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचा वेगळा. खरेदीखतावर जसा अंगठ्याचा ठसा, तसा हा पदार्थाचा ठसा. परत आलेला प्रकाश नीट वाचता आला तर वस्तूला हात न लावता, न कापता, न जाळता ती कशाची बनली आहे हे सांगता येते. या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग माणसाच्या शरीरावर हा प्रयोग त्याच वेळी का झाला नाही? कारण मांस स्वतःच चमकते. हिरवा किंवा निळा प्रकाश टाकला की पेशीतले अनेक घटक आपला स्वतःचा उजेड फेकू लागतात, आणि त्या झगमगाटात तो कोटीतला एक किरण बुडून जातो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला लागून उभे राहावे आणि शेजारच्या माणसाची कुजबूज ऐकण्याचा प्रयत्न करावा, तशी ही गत होती. (त्या डीजेबद्दलचे आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.) यावर तोडगा निघाला तो लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या, डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, ज्याला इंग्रजीत निअर-इन्फ्रारेड म्हणतात. बहुतेक यंत्रांत ७८५ किंवा ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात. या किरणांत मांसाला चमकवण्याइतकी ताकद नसते, त्यामुळे डीजे पुष्कळसा बंद होतो. कुजबूजही मंदावते, हे खरे. तरंगलांबी वाढली की रमण संकेत झपाट्याने क्षीण होतो. परंतु डिजिटल कॅमेऱ्यात असते तशा जातीची संवेदनशील चकती, बारीक काचतंतूची नळी आणि संगणक यांच्या जोरावर ती कुजबूज आता ऐकता येते.

मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेल्या अनिता महादेवन-जान्सन यांनी १९९८ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेवर याच अवरक्त रमण पद्धतीचे काम प्रसिद्ध केले. मणिपालच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली तोंडातल्या निरोगी, सुजलेल्या, कर्करोगपूर्व आणि कर्करोगग्रस्त ऊतींचे नमुने या ठशावरून वेगळे करून दाखवले. कॅनडात माँट्रियल येथे २०१५ साली मेंदूच्या गाठीवर शस्त्रक्रिया चालू असताना पेनासारखी एक सळई मेंदूला टेकवून, एका सेकंदाच्याही आत, इथे रोग आहे की नाही हे सांगण्याचा प्रयोग १७ रुग्णांवर झाला. त्याचा अंदाज दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरला. आणि आमच्या अगदी शेजारी, नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची जी संशोधन संस्था आहे, ॲक्ट्रेक, तिथे डॉ. मुरली कृष्ण यांच्या गटाने जिवंत माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला नळी टेकवून काम केले. त्यांचे २०१२ सालचे निष्कर्ष तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहेत. निरोगी गालाच्या आतल्या त्वचेच्या ठशात चरबीची खूण ठळक असते. कर्करोग झाला की ती पुसट होते आणि प्रथिनांची खूण वर येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चट्टा अजून कर्करोग झालेला नाही त्या अवस्थेतही ठसा बदललेला असतो, आणि तंबाखूची सवय असलेल्याचा वरून स्वच्छ दिसणारा गालसुद्धा सवय नसलेल्याच्या गालासारखा ठसा देत नाही.

हे आमच्या लोकांसाठी का महत्त्वाचे, ते आता पाहू.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ४० हजारांहून अधिक लोकांना ओठ आणि तोंडाचा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार त्याने मरतात. जगातल्या अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात आहेत. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. हा रोग कुठे राहतो? गटारात उतरणारा माणूस वास सहन व्हावा म्हणून तंबाखूचा बार भरतो. वीटभट्टीवरचा मजूर भूक मारण्यासाठी तंबाखू मळतो. आमच्या आया-बहिणी पहाटे चुलीपुढे बसून मशेरी लावतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे शाळकरी पोरसुद्धा सांगते. प्रस्थापितांच्या घरात हा रोग होत नाही असे नाही, परंतु तिथे दात दुखला की दंतवैद्याकडे जाण्याची रीत आहे, म्हणून चट्टा चट्टा असतानाच दिसतो. आमच्याकडे तिखट सोसेना, तोंडात दोन बोटे जाईनात, मानेला गाठ आली, तेव्हा दवाखान्याचा रस्ता सापडतो. तोवर मधले सहा महिने मेडिकलवाल्याचे मलम आणि जडीबुटीवाल्याची पुडी यांत गेलेले असतात.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी ठेकेदारीवरचा एक सफाई कामगार आला होता. तो आजाराची तक्रार घेऊन आला नव्हता. त्याच्या पगारातून नऊ खाडे कापले होते, ते मिळवून द्या म्हणून आला होता. ते नऊ खाडे कशाचे, हे विचारले तेव्हा हकिगत कळली. एक दिवस केस पेपर काढायला. एक दिवस दंतविभागात, तिथून दुसऱ्या विभागात पाठवले म्हणून आणखी एक. तुकडा काढायला तारीख मिळाली तो एक, त्या दिवशी रक्तदाब वाढला म्हणून परत पाठवले, पुन्हा एक. तुकडा काढला. अहवालासाठी तीन खेपा. नववा दिवस अहवाल डॉक्टरला दाखवण्याचा, आणि त्या दिवशी ते डॉक्टर रजेवर. मुकादमाने दहाव्या दिवसाची परवानगीच दिली नाही. खाड्यांचे पैसे आम्ही नोटीस देऊन मिळवून दिले. परंतु त्या माणसाने तो अहवाल घडी घालून खिशातच ठेवला होता आणि दोन महिने कुणालाही दाखवला नव्हता, ही गोष्ट कायद्याच्या कुठल्याही कलमात बसवता येत नाही.

नळी टेकवल्यावर काही सेकंदांत, त्याच खुर्चीत, “ही जागा संशयास्पद आहे, आज घरी जाऊ नका” असे सांगणाऱ्या यंत्राची किंमत त्या माणसाला विचारा. खासगी दवाखान्यात अपॉइंटमेंट घेऊन जाणाऱ्याला बायोप्सीच्या अहवालासाठी आठ दिवस थांबणे म्हणजे आठ दिवसांची काळजी. रोजंदारीवरच्याला ते नऊ खाडे आहेत, आणि अनेकदा ते जीव जाण्याचे कारण आहे. म्हणून हे तंत्रज्ञान श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून जे आमचे मित्र नाक मुरडतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. याची गरज सर्वांत जास्त कुणाला असेल, तर रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला आहे.

तरीही यंत्राचे गुणगान करताना भान ठेवले पाहिजे. बायोप्सीची जागा या यंत्राने घेतलेली नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हेच आजही अंतिम निदान मानले जाते, आणि कुणी “न कापता शंभर टक्के निदान” अशी पाटी लावून पैसे उकळू लागला तर वाचकांनी त्याच्या दारात पाऊल ठेवू नये. प्रयोगशाळेत निवडक रुग्णांवर चांगले चालणारे यंत्र गर्दीच्या ओपीडीत तसेच चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तोंडात आधीच तंबाखूचा थर असतो, हात हलतो, नळी नीट टेकत नाही, खोलीतला दिवा आत शिरतो. या पद्धतीचा प्रामाणिक उपयोग इतकाच, की शंभर माणसांतून कुणाला आजच पुढे पाठवायचे आणि चट्ट्यातला नेमका कुठला तुकडा काढायचा, हे ठरवायला मदत व्हावी. एवढे जरी झाले तरी ते थोडके नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यंत्र स्वतः काही ओळखत नाही, त्याला शिकवावे लागते. शेकडो माणसांचे ठसे संगणकाला दाखवून, हा निरोगी, हा रोगी, असे पढवावे लागते. ते शेकडो लोक कोण, यावर सगळे अवलंबून आहे. कोरोनाच्या काळात घराघरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, तेही लाल आणि अवरक्त प्रकाशावरच चालते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की, रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असताना यंत्राने “ठीक आहे” असे दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. ते पारखताना काळे बोट पुरेसे समोर नव्हते, एवढे पुरे होते.

रमण पद्धतीबाबत मात्र एक दिलासा देणारी गोष्ट आहे. महादेवन-जान्सन यांच्याच गटाने २०११ साली तपासून पाहिले की निरोगी स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा ठसा कशाकशाने बदलतो. वंश आणि आर्थिक स्थिती यांचा प्रभाव मर्यादित निघाला. सर्वांत मोठा प्रभाव निघाला तो शरीराच्या वजनाचा आणि किती बाळंतपणे झाली याचा. म्हणजे वंशभेदाचा जो शिक्का माणसे माणसांवर मारतात, तो पेशीच्या पातळीवर शोधायला गेले तर फारसा हाती लागत नाही. हाती लागते ते पोटाचे आणि बाळंतपणाचे ओझे. परंतु यातूनच दुसरा धडाही निघतो. सुखवस्तू, दोन बाळंतपणे झालेल्या शहरी बाईवर शिकवलेले यंत्र पाच बाळंतपणे झालेल्या, अंगावर मांस नसलेल्या ऊसतोड कामगार बाईला चुकीचे उत्तर देऊ शकते. तोंडाचेही तेच. मशेरी लावणाऱ्या, चुना-तंबाखू खाणाऱ्या, सुपारीने गाल आखडलेल्या माणसांचे ठसे ज्यात नाहीत, त्या यंत्राचा आम्हाला उपयोग नाही.

याचा अर्थ असा की आमच्या लोकांनी प्रयोगात सहभागी झाले पाहिजे. आणि इथेच आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे. सहभागी व्हायचे ते कोणत्या अटीवर?

इतिहास पाहा. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एक मोठी चाचणी सुरू झाली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया, २० वस्त्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरने, म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिडने तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत फक्त माहिती दिली गेली, तपासणी केली गेली नाही. २०१३ साली निकाल जाहीर झाला: तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. जगभर वाहवा झाली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर अशीच चाचणी झाली. २००९ साली जाहीर झालेल्या तिच्या निकालात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले.

ज्या वस्त्यांत तपासणी केली नाही तिथल्या बायांचे काय, असा प्रश्न नंतर उठला आणि त्यावर बराच वाद झाला. संशोधकांचे म्हणणे होते की त्या काळी देशात तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा तपासणी न करणे हीच “प्रचलित सेवा” होती. हा युक्तिवाद आम्ही वकील म्हणून नीट वाचला आहे, आणि तो आम्हाला पटलेला नाही. गरिबाला आधीपासून काही मिळत नव्हते, म्हणून प्रयोगातही काही न देणे योग्य, असे म्हटले की वंचना हेच मोजमाप ठरते. जो जितका वंचित, तितके त्याला देणे लागणारे कमी! असो. त्या संशोधकांच्या परिश्रमाबद्दल आम्हाला आदर आहे. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणावर वस्तीतली बाई जीव वाचवू शकते हे त्यांनीच सिद्ध केले.

आमचा राग दुसऱ्यावर आहे. पुरावा मिळाल्यावर सरकारने काय केले? २०१९ ते २०२१ या काळातले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काढून पाहा. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या किती? १.९ टक्के. तोंडाची तपासणी? ०.९ टक्के. शंभरात एक पूर्ण बाईसुद्धा नाही! तोंडाच्या कर्करोगाचा पुरावा तर त्याहून जुना. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ ते २००४ या काळात १ लाख ९० हजार लोकांवर चाचणी झाली. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. ही गोष्ट २००५ साली छापून आली. त्याला लेसर लागला नव्हता, एक बॅटरी आणि एक प्रशिक्षित माणूस लागला होता. कोळीवाड्यापासून परभणीपर्यंत त्या बॅटरीचा उजेड किती तोंडांत पडला, याचा हिशेब कुणी द्यायचा?

तेव्हा पुरावा द्यायला आमची शरीरे आणि लाभ घ्यायला दुसऱ्यांची, असा हा व्यवहार चालत आला आहे. रमण यंत्राची चाचणी उद्या मोठ्या प्रमाणावर होईल तेव्हा ती कुठे होईल हे सांगायला ज्योतिषी नको. सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत होईल, कारण तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तिथेच रांगेत असतात. म्हणून अटी आधी घालाव्या लागतील. निकाल लागल्यावर मागायला गेलेल्याला आजवर काय मिळाले, ते वरच्या आकड्यांत आहे.

कायद्यात आधार आहे का? थोडा आहे, थोडा निर्माण करावा लागेल. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सप्रमाणे नव्या यंत्राच्या चाचणीला नैतिक समितीची संमती लागते, आणि इजा झाली तर उपचार व भरपाई मिळते. परंतु प्रकाशाच्या नळीने इजा व्हायची शक्यता फारच थोडी. इथे प्रश्न वाट्याचा आहे, आणि यंत्र यशस्वी झाल्यावर ते त्याच वस्तीच्या दवाखान्यात आले पाहिजे असा हक्क या नियमांतून सरळ निघत नाही. तो संमतिपत्रात लिहून घ्यावा लागेल. संमतिपत्र मराठीत असावे एवढ्यावर समाधान मानू नये. माझ्या तोंडाचा ठसा कोणकोण वापरणार, त्यावर बनलेले यंत्र कुठे बसवणार, माझा अहवाल मला कधी मिळणार आणि संशय निघाला तर पुढचा उपचार कोण करणार, हे त्यात असलेच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनासाठी वापरलेल्या माहितीला काही अटींवर बरीच सूट दिली आहे. म्हणजे एकदा ठसा संगणकात गेला की त्या कायद्याचा दरवाजा रुग्णासाठी अर्धा बंद. करार आधी, ठसा नंतर.

पेटंटबाबत एक गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांना सहसा माहीत नसते. भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३ (आय) असे सांगते की माणसाच्या रोगनिदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही. यंत्रावर मिळू शकते. आणि यंत्रावर पेटंट घेऊन कुणी ते गोरगरिबांच्या आवाक्याबाहेर ठेवले, तर तीन वर्षांनंतर कलम ८४ खाली सक्तीचा परवाना मागता येतो. हे पुस्तकी कलम नाही. मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरच्या एका औषधासाठी असा देशातला पहिला परवाना दिला गेला आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ९ हजारांच्या आत आले. ज्या संशोधनाला जनतेचा पैसा लागला आहे, तिथे तर परवान्याची वाट पाहायचीही गरज नसावी. सार्वजनिक रुग्णालयांना उत्पादनखर्चात यंत्र, ही अट अनुदान देतानाच घालता येते.

“पैसा नाही” हे उत्तर येणारच. त्याला १९९६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल दाखवावा. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने ते अनुच्छेद २१ चे उल्लंघन ठरवले आणि प्राण वाचवण्याच्या घटनात्मक कर्तव्यातून आर्थिक अडचणीचे कारण देऊन सरकारला सुटता येणार नाही असे बजावले. तो निकाल तातडीच्या उपचाराबद्दल आहे, निदानाबद्दल नाही, हे सरकारी वकील लगेच दाखवून देईल. द्यावे. उशिरा झालेले निदान हीच या रोगातली आणीबाणी आहे, हे न्यायालयाला पटवून देणे आमच्यासारख्यांचे काम. शिवाय विज्ञानाच्या प्रगतीचा लाभ मिळणे हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद १५ ला भारत १९७९ पासून बांधलेला आहे. अनुच्छेद २१ च्या जोडीने तो वाचून घेण्यासाठी एखादी चांगली याचिका हवी आहे. तरुण वकिलांनी यात लक्ष घालावे. नुसत्या ॲट्रॉसिटीच्या आणि सेवाज्येष्ठतेच्या प्रकरणांवर आपली सगळी बुद्धी खर्च करून चालणार नाही.

राज्याच्या योजनेचेही पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, त्याचा लाभ आमच्या हजारो लोकांना झाला आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्याची. रोग सिद्ध होईपर्यंतच्या खेपा, खाडे, गाडीभाडे रुग्णाचे. ज्या महात्म्याचे नाव योजनेला दिले, त्याने १८९७ सालच्या प्लेगमध्ये आपल्या पत्नीने आणि मुलाने रुग्णाला वस्तीतून उचलून दवाखान्यात नेलेले पाहिले नाही, तो १८९० सालीच गेला होता. सावित्रीबाईंनी मात्र ते केले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून त्या वाट पाहत बसल्या नव्हत्या.

यंत्र येईल तेव्हा येईल. २०१६ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासायचे आहे, आणि ते काम आपल्या उपकेंद्राचे, शहरात आपल्या नागरी आरोग्य केंद्राचे आहे. आशाताई जो फॉर्म भरून घेते त्यात तंबाखूचा प्रश्न असतोच. तेव्हा प्रत्येक विहाराच्या समितीने, प्रत्येक महिला मंडळाने येत्या महिन्यात आपल्या केंद्राकडे माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. गेल्या आर्थिक वर्षात तुमच्या हद्दीत ३० वर्षांवरील किती जणांचे तोंड तपासले. किती जणांना पुढे पाठवले. त्यांपैकी किती पोहोचले. आणि किती जणांचा तुकडा तपासून अहवाल त्यांच्या हातात पडला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली तर तोही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे, आणि उत्तर आले तर त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.